अक्का 'प्लीज' म्हणाल्या तेव्हा

पहिली खटकलेली गोष्ट अगदीच बारीक होती. लीलाक्का मला 'प्लीज' म्हणाल्या.

जंगलातून जाताना, अणशी गावाच्या अलीकडच्या एका वळणावर आमची गाडी रस्ता सोडून ऐनाच्या झाडाला जाऊन टेकली होती. समोरच्या काचेवर जाळं पसरलं होतं. ज्याला वाचवायला अक्कांनी स्टिअरिंग वळवलं, तो गवा आमच्याकडे एकदा बघून, बाजारातून घरी निघाल्यासारखा झाडीत शिरला होता. माझं किंचाळून झालं होतं. आपले हातपाय जागेवर आहेत का हे मी चाचपून बघत होते, तेवढ्यात ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला,

"सुप्रिया, प्लीज, माझ्या बाजूचं दार जरा उघडतेस का?"

सुप्रिया! प्लीज! उघडतेस का!

अक्का मूळच्या खानापूर तालुक्यातल्या. त्यांची नेहमीची विनंती म्हणजे, "सुप्रे, मेलीस काय तिकडं? दार उघड की!" इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण त्यांच्या तोंडून 'प्लीज' मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनाही त्या कधी 'प्लीज' म्हणाल्या नव्हत्या. आणि आता त्या इतक्या गोड आवाजात बोलत होत्या की मी घाबरलेच.

गोड बोलण्याला कुणी घाबरतं का, असं तुम्ही म्हणाल. घाबरतं. आमच्या दवाखान्यात काम केलेलं माणूस घाबरतंच.

रामनगरच्या मोठ्या रस्त्याला लागून आमचा सहा खाटांचा दवाखाना होता. बेळगावहून गोव्याला जाणारे ट्रक दारासमोरून जायचे, आणि त्यातलं न पोचलेलं जे काही असेल ते आमच्याकडे यायचं. त्यामुळे आमच्याकडे किस्से साठायचे ते दारातल्या चपलांसारखे. दिवसभर येणारे येत, जाणारे जात, पण संध्याकाळी दार लावताना कुणाचा ना कुणाचा एक जोड उरायचाच. नवीन पट्ट्याचा, झिजलेल्या टाचेचा, कधी दोन्ही डाव्याच पायाचे. ते आम्ही टाकलेही नाहीत आणि परत न्यायलाही कुणी आलं नाही.

अक्कांच्या बाजूचं दार चेपून अडकलं होतं. ते ओढून उघडेपर्यंत हे सगळे किस्से माझ्या डोक्यातून एका दमात धावून गेले. तुम्हाला सांगायला जरा जास्त वेळ लागेल.

*

माझा पहिलाच आठवडा होता. बी.एस्सी. करून मी नुकतीच केसपेपर लिहायच्या टेबलावर बसले होते. मी जात्याच दचकी. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी इकडे माझ्या हातातलं पेन उडायचं. अक्का म्हणजे आमच्या मुख्य नर्स. त्यांनी पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डॉक्टरांना विचारलं, "ह्या पोरीला कामाला घेतलाय, का ॲडमिट करून घेतलाय?"

एका दुपारी दोघांना आणलं. टेम्पो आणि मोटरसायकल, समोरासमोर. एक जण गुडघा धरून असा ओरडत होता की पलीकडच्या गॅरेजमधली माणसं बघायला आली. दुसरा बाकावर गप्प बसला होता. त्यानं चपला बाहेर नीट जोडून काढल्या होत्या. मला बघून हात जोडले आणि म्हणाला, "त्यांचं बघा आधी. मला काही नाही. तुम्हाला उगीच त्रास."

मला वाटलं, काय सुसंस्कृत माणूस आहे! मी कापूस घेऊन ओरडणाऱ्याकडे धावले.

अक्का मला कोपरानं बाजूला करून थेट बाकाकडे गेल्या. त्याचं मनगट धरलं, कपाळावर हात ठेवला आणि त्याला तिथंच आडवं केलं. "सुप्रे, इकडं ये. हात लाव ह्यांना."

मी हात लावला. भर मे महिन्यात तो हात माठाच्या बुडासारखा गार आणि ओला होता. ओठ राखेसारखे झालेले. नाडी सापडतच नव्हती, आणि सापडली तेव्हा ती अशी बारीक आणि घाईत पळत होती की मला मोजता येईना.

"बोंबलालाय त्याचं इंजिन चालू हाय," अक्का म्हणाल्या. "गप्प झालाय त्याचं आधी बघायचं. आत कुठंतरी रक्त चाललेलं असतंय, बाहेर काय दिसत न्हाई. आणि कोण लई गोड बोलाय लागला की पळत सुटायचं. घराकडं न्हाई, माझ्याकडं!"

"ओ सिस्टर, मी पैला आलोय!" गुडघेवाला ओरडला.

"हे रेशनचं दुकान न्हाई. तोंड चालालंय न्हव तुमचं? मग हात बी चालवा. या, ह्यांचे पाय वर धरून उभारा."

आणि तो खरंच उभा राहिला. डॉक्टरांनी सलाईन लावलं, जीप दारात आली, स्ट्रेचर उचललं, तोवर त्यानं ते दोन पाय छातीशी धरले होते. जीप बेळगावच्या दिशेनं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ त्याच गुडघ्यावर उभे आहोत. मग त्यानं नव्यानं ओरडायला सुरुवात केली.

*

आमच्याकडे अपघात झाला की लोक आधी पाणी घेऊन पळतात आणि मग चहा घेऊन. आमच्या भागात पडलेल्या माणसाला पाणी न देणं म्हणजे माणुसकी सोडणं. शेजारच्या हॉटेलचे अण्णा तर जीपचा ब्रेक ऐकला की स्टो पेटवायचे. "गोड चा, आलं घालून" हे त्यांचं रामनगरभर प्रसिद्ध औषध.

आणि अक्कांचा नियम असा की धक्का बसलेल्या माणसाच्या तोंडात चहा नाही, पाणी नाही, काही नाही. उलटी होऊन श्वासात गेलं तर? पुढे ऑपरेशन लागलं तर? फार तर ओल्या कापसानं ओठ पुसायचे. पण हे नातेवाइकांना कोण समजावणार? "पाणीसुद्धा देत न्हाईत! माणसं हायत का कोण ही?" यावरून रोज भांडण.

शेवटी अक्कांनी एक युक्ती काढली. भांडायचंच नाही. कुणी चहा आणला की म्हणायचं, "बरं केलासा. आता हा कप धरून भिंतीला लागून उभारा. डॉक्टर सांगतील तेव्हा द्यायचा. हलला, सांडला तर औषध वाया." माणूस खूश. त्याच्या हाताला काम मिळालं, तोंड बंद झालं आणि पेशंट वाचला.

एकदा एक वऱ्हाडाची बस घसरली. कुणाला फार लागलं नव्हतं, पण तिघे-चौघे पांढरेफटक पडलेले. अण्णांनी किटली भरून चहा पाठवला आणि अक्कांनी सगळ्या वऱ्हाडाला भिंतीला लावून उभं केलं. आमचा पॅसेज लांबच लांब. दोन्ही बाजूंना नटलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात कप, कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही.

डॉक्टर आतून आले. सकाळपासून उपाशी. पॅसेजमधून जाताना त्यांनी एका म्हाताऱ्याच्या हातातला कप सहज घेतला आणि दोन घोटांत संपवला.

म्हातारा हादरला. त्यानं जी बोंब ठोकली ती मला आजही ऐकू येते.

"अक्का! ओ अक्का! डॉक्टर प्याले! आता ह्यांना वांती होणार न्हव?"

*

आमची जीप पर्शूमामा चालवायचे. मामा अणशीकडच्या डोंगरातले. त्यांचं मराठी अर्ध्या वाटेवर कोकणी व्हायचं आणि परत यायचं. मला 'बाय', म्हणजे पोरी, म्हणायचे. जोयड्याकडच्या आतल्या गावांतून माणसं आणायची तर मामाच पाहिजेत. रस्ता संपला तरी त्यांची जीप संपायची नाही.

अक्कांनी त्यांना शिकवून ठेवलं होतं की माणूस गार पडला, घामेजला, तर आडवा घालायचा, पाय वीतभर वर, अंगावर पांघरूण, आणि सारखं बोलत राहायचं. मामा शिकवलेलं मोडत नसत. एकदा त्यांनी पेशंटच्या पायाखाली कंदांचं पोतं लावून आणलं होतं, आणि उतरल्यावर पेशंटची बायको पेशंटच्या आधी पोत्यातले कंद मोजत होती.

पण मला आठवतो तो दिवस वेगळाच. मोटरसायकलवरून पडलेल्या एका तरुणाला ते घेऊन येत होते. दवाखान्याच्या आधी एक बरा चढ होता. डॉक्टर, अक्का आणि मी दारात उभे. आणि त्या चढावरून आमची जीप येताना दिसली. उलटी! मागचं तोंड आमच्याकडे, मामा मान पूर्ण वळवून बसलेले, मागे ट्रकांची रांग लागलेली, सगळे हॉर्न देत आहेत आणि जीप रिव्हर्समध्ये इंच-इंच वर चढते आहे.

"मामा, हे काय?" डॉक्टर ओरडले.

मामा घामाघूम होऊन उतरले. "तुमीच म्हणालासा न्हव, पाय वर पायजेत म्हणून? ह्याचं डोकं हाय माझ्या बाजूला. चढाला लागलो की डोकं वर, पाय खाली व्हायलेत. मग काय करणार? फिरवली जीप!"

तरुणाची नाडी बरी होती. खरं सांगायचं तर तो इतका चकित झाला होता की गार पडायचंच विसरला होता. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, तपासलं आणि मग बाहेर येऊन शांतपणे विचारलं, "मामा, जीप फिरवण्याऐवजी पेशंटच फिरवला असता तर?"

मामांनी जीपला एक फेरी मारली.

"त्याचं डोकं खाली ठेवायच्या नादात," ते म्हणाले, "माझं कुठं हाय ते बघायचं ऱ्हायलं."

*

एक बारकासा किस्सा. घोंगडी घालायची की वारा घालायचा, हे आमच्याकडचं दुसरं कायमचं भांडण. भर उन्हाळ्यात एका बाईंच्या नवऱ्याला अक्कांनी घोंगडीत गुंडाळलं. बाईंनी पदरानं वारा घालायला सुरुवात केली. अक्का घोंगडी ओढतात, बाई घोंगडी काढतात. शेवटी आतून आवाज आला, "दोघी बी जावा की! मला बरं वाटालंय!"

अक्का म्हणाल्या, "आता राग आला. आता काळजी न्हाई."

*

मग जांभईचा किस्सा. हा मी सांगितला की लोक हसतात, पण मी अजून पूर्ण हसू शकत नाही.

जंगल बघायला आलेलं एक जोडपं होतं, शहरातलं. त्यांची गाडी पुलाच्या कठड्याला घासली होती. बायको रडून रडून बेजार, हात थरथरताहेत, बोलता येत नाही. नवरा एकदम झकास. माझ्याशी गप्पा मारतोय, दवाखान्यात चार्जर आहे का विचारतोय, ऑफिसला फोन करून मीटिंग पुढे ढकलतोय. मी बायकोला धरून बसले. मला वाटलं, ही जाते आता!

"ती रडालीय, म्हणजे भ्यालीय," अक्का म्हणाल्या. "भ्यालेल्याला जवळ घे, हात धर, बोलत बस. उतरतंय ते." पण बोलताना त्यांची नजर नवऱ्यावर होती.

नवऱ्यानं जांभई दिली. तोंडावर हात ठेवून, सॉरी म्हणून. मिनिटभरात दुसरी. मग तिसरी.

अक्का ज्या वेगानं उठल्या त्या वेगानं मी त्यांना त्यानंतर फक्त एकदाच बघितलं, दवाखान्यात साप आला होता तेव्हा. त्यांनी त्याला आडवा घातला, शर्ट वर केला. बरगडीखाली गाडीच्या पट्ट्याचा निळा वळ होता. "डॉक्टर!" एवढीच एक हाक. तो झोपाळलेला नव्हता. शरीर हवा मागत होतं.

तो वाचला. पुढे बेळगावी कुंदा मिठाईचा मोठा डबा घेऊन आला आणि अक्कांच्या पाया पडला.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात जांभई देणं अशक्य झालं. औषध कंपनीचा एक माणूस रात्रीच्या बसनं येऊन बाकावर बसला होता. त्यानं एक जांभई दिली तर अक्कांनी त्याचं बीपी बघितलं. दुसरी दिली तर झोपवला. डॉक्टर दुपारी जेवून केबिनमध्ये बसले की जांभई आली तरी तोंड टेबलाखाली घालून द्यायचे. मी स्वतः बघितलंय!

*

आता माझाच एक. सांगितला नाही तर अक्का सांगतील, असं मी पूर्वी म्हणायचे.

सायकलवरून पडलेले एक आजोबा आले होते. कपाळावर खोक, रक्त खूप, धोका काही नाही. डोक्याची जखम तशीच वाहते. अक्का म्हणाल्या, "सुप्रे, हे फडकं दाबून धर. उचलून बघायचं न्हाई." मी धरलं. मग मला वाटलं, थांबलं का बघावं. मी फडकं उचललं.

डोळे उघडले तेव्हा मी पॅसेजमध्ये आडवी होते. पाय स्टुलावर. अंगावर घोंगडी. शेजारी आजोबा मांडी घालून बसलेले, एका हातानं आपल्या कपाळावरचं फडकं धरलेलं, दुसऱ्या हातानं केसपेपरनं मला वारा घालत होते.

"भिऊ नको, पोरी," ते म्हणाले. "मी बरा हाय."

*

दवाखाना आता नाही. डॉक्टरांचे गुडघे गेले आणि ते बेळगावला लेकीकडे राहायला गेले. शटर ओढलं त्या दिवशी आम्ही चौघं दारात उभे होतो. मामा जीपचं बॉनेट पुसत राहिले. मग ते गावी परतले, कंद आणि सुपारी करायला लागले. मी खानापुरात एका लॅबमध्ये लागले. तिथं सगळं स्वच्छ आणि शांत आहे. कुणी ओरडत नाही, कुणी चहा धरून उभं राहत नाही. मला तिथं दचकायलाही होत नाही, आणि तेच मला कधी कधी सोसत नाही.

अक्का तेवढ्या स्वस्थ बसल्या नाहीत. साठीला आल्यावर ड्रायव्हिंग शिकल्या आणि एक जुनी लाल गाडी घेतली. "आयुष्यभर लोकांना आडवं पाडून ठेवलंय, आता जरा बसून फिरतो," म्हणाल्या.

आणि मामांचा निरोप आला की नातीचं बारसं आहे, दोघींनी यायचंच. म्हणून आम्ही निघालो होतो. मागच्या सीटवर बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, साडी, बाळाचं दुपटं. जोयडा सोडल्यापासून अक्का माझी थट्टा करत होत्या. "वळण आलं की डोळे मिटालीस, मग जंगल कवा बघणार गं?" मी डोळे उघडले, आणि समोर गवा.

दार उघडलं. अक्का स्वतःच्या पायांनी उतरल्या. पदर नीट केला. झाडापासून चार हातांवर गवतात बसल्या आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तुला कुठे लागलं नाही ना, बाळा?"

तो हात गार होता. ओला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो रंग मला माहीत होता. कुणी शिकवला होता तेही माहीत होतं.

"अक्का, पोटात दुखतंय?"

"जरा दाटल्यासारखं होतंय गं. पट्टा बसला असेल. बाकी काही नाही. तू घाबरू नकोस."

मी नाडी धरली. आधी माझ्याच बोटांतली लागली. मग त्यांची लागली. बारीक, घाईत.

"आडव्या व्हा," मी म्हणाले. आणि त्या झाल्या! आयुष्यात पहिल्यांदा अक्का कुणाचं तरी एका शब्दात ऐकत होत्या. मी लाडवांचा डबा काढला आणि त्यांच्या पायांखाली लावला.

"अगं, अन्नावर पाय?" त्या पुटपुटल्या. तेवढ्यापुरत्या जुन्या अक्का डोकावल्या. मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी वाद घालायला बसणार होते, पण त्यांनी लगेच "बरं, असू दे" म्हटलं आणि डोळे मिटले.

बाळंतिणीची साडी घडी मोडून त्यांच्या अंगावर घातली. दुपटं गळ्याशी खोचलं. पाण्याची बाटली गाडीतून घरंगळत येऊन त्यांच्या हाताशी थांबली होती. अक्कांनी ती बघितली.

"सुप्रिया, घोटभर दे गं. प्लीज. घसा पार वाळलाय."

नाही म्हणायची सवय त्यांना होती. मला नव्हती. रामनगरच्या रस्त्यावर कितीएक बायका पदर पसरून त्यांच्याकडे पाणी मागायच्या आणि त्या मान हलवायच्या, तेव्हा मी दुसरीकडे बघायचे. आता नाही म्हणायला दुसरं कुणीच नव्हतं. मी रुमालाचं टोक भिजवलं आणि त्यांच्या ओठांवरून फिरवलं.

"एवढंच, अक्का."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी तिथंच नाचले असते.

फोनला रेंज नव्हती. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर चढलं की एक काडी यायची, उतरलं की जायची. मी दगडावर चढले. अँब्युलन्सचा नंबर लागला, पलीकडून "कुठून बोलताय?" आलं, आणि काडी गेली. पुन्हा लावला. नुसती घरघर. डॉक्टरांना लावला. बंद. दुपारी ते झोपतात आणि फोनलाही झोपवतात. रस्त्यावर ना बस, ना जीप. लांब कुठंतरी एक माकड ओरडलं आणि मी दगडावरून पडता पडता राहिले.

"अक्का!" मी वरूनच ओरडले. "झोपू नका! बोलत राहा! मला रागवा!"

"कशाला गं रागवू?" खालून हळू आवाज आला. "चांगली मुलगी आहेस तू."

"न्हाई! मी दचकी आहे! मी फडकं उचलून बघते! आठवतंय ना? रागवा की!"

अक्का हसल्या. आणि मग त्यांनी जांभई दिली.

मी मामांना फोन लावला. त्यांचं घर तिथून एका टेकडीपलीकडेच होतं. आता मामांच्या फोनचं असं आहे की त्यांच्या घरात रेंज येत नाही. ती येते अंगणाच्या कडेच्या फणसावर, एका ठरावीक फांदीपाशी. म्हणून फोन तिथं कापडी पिशवीत टांगलेला असतो. वाजला की ज्याला ऐकू येईल तो धावतो. आणि त्या दिवशी अंगणात बारसं होतं.

रिंग गेली. वाजली, वाजली, थांबली.

पुन्हा लावला. मला दिसत होतं ते सगळं. पाळणा, बायकांची गाणी, घुगऱ्या, जेवणाच्या पंगती, आणि कडेला फणसावर ती पिशवी एकटीच वाजते आहे. वाजली, वाजली, थांबली.

"सुप्रिया," अक्का म्हणाल्या, "तू जा बाळा पुढे. बारशाला उशीर होईल."

मी पुन्हा लावला. एका पायावर उभी होते, कारण दुसरा पाय ठेवला की काडी जात होती. रिंग. रिंग. मग काहीतरी खसखसलं. पिशवीच्या कापडाचा आवाज. धापा. मागे बायका पाळणा म्हणत होत्या, भांडी वाजत होती, कुणीतरी हसत होतं.

"हालो?"

मी तोंड उघडलं. शब्द येईना. किती बोलायचं होतं! अक्का, गवा, ऐन, पोट, जांभई. घशातून नुसते हुंदके बाहेर पडले. मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि रडत राहिले, आणि ती एक काडी लुकलुकायला लागली.

पलीकडे मामांनी माझं रडणं ओळखलं.

"बोलू नको, बाय," ते म्हणाले. "गाडीचा हॉर्न दाबून धर. आवाज धरून येतो मी."